ऑक्सिजन जास्त झाला तर?

२०२० सालापासून बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सोलापुरात घरोघरी माहीत झाला. "पंच्याण्णवच्या खाली गेला का?" एवढीच तेव्हा धास्ती. त्यामुळे काचेच्या पेटीतल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पायाला ती पट्टी दिसली की नातेवाईक (म्हणजे आपणच!) म्हणतात, "शंभर होऊ द्या की, ऑक्सिजनला कसली काटकसर?" पण त्या काटकसरीमागे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे.

१९४२ म्हटलं की आम्हां सोलापूरकरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. त्या डिसेंबरात ते चीनमध्ये वारले. त्याच वर्षी तिकडे बोस्टनला डॉ. टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना येणाऱ्या एका नव्या आंधळेपणाची माहिती छापली. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगात सुमारे १०,००० मुलं आंधळी झाली, तीसुद्धा चांगल्या चांगल्या इस्पितळांत! १९५१ साली मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्बेल यांना ऑक्सिजनचा संशय आला. १९५३ पासून अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी पडताळून पाहिलं, तर तो खरा निघाला. ऑक्सिजन जास्त झाला की डोळ्याच्या पडद्यातल्या कोवळ्या रक्तवाहिन्यांची वाढ बिघडते.

मग ऑक्सिजन सरसकट कमी केला गेला. आंधळेपण घटलं, पण बाळं दगावू लागली. १९७३ साली लंडनच्या डॉ. क्रॉस यांनी अंदाज मांडला, की वाचलेल्या एकेका दृष्टीमागे १६ मृत्यू झाले असावेत.

अडचण मोजण्याची होती. ओठ निळे दिसतात का ते बघायचं, नाहीतर एवढ्याशा जिवाचं रक्त काढायचं. आपल्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९६३ ची. तिथल्या पहिल्या डॉक्टरांनीही बाळाचा रंग बघूनच ऑक्सिजन दिला असणार, आणि सावळ्या कातडीवर निळेपणा ओळखणं किती कठीण!

१९७४ साली जपानच्या ताकुओ आओयागी यांनी वाट काढली. ते कानातून प्रकाश सोडून दुसरंच काही मोजत होते आणि नाडीचे ठोके मध्ये येत होते. त्या ठोक्यांवरूनच रक्तातला ऑक्सिजन मोजता येईल हे त्यांनी ओळखलं. सुई न टोचता!

तरी प्रश्न उरलाच, आकडा किती हवा? सुमारे ५,००० बाळांवर झालेल्या पाच अभ्यासांचे निष्कर्ष २०१० नंतर आले. ८५ ते ८९ मध्ये ठेवलेली बाळं जास्त दगावली, ९१ ते ९५ मध्ये डोळ्यांचा त्रास जास्त. जीव आधी, म्हणून ऑक्सिजनवरच्या अशा बाळांना आता साधारण ९० ते ९५ मध्ये ठेवतात. ९५ च्या वर गेलं की रक्तात ऑक्सिजन नेमका किती जादा झालाय हे आकडा सांगूच शकत नाही. म्हणून यंत्र वरच्या बाजूलाही ओरडतं.

असो. घरात २ किलोंपेक्षा कमी वजनाचं किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ असेल, तर "शंभर का नाही?" विचारू नका. "डोळे कधी तपासणार?" हे विचारा. पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, फारच लहान बाळ असेल तर त्याहून लवकर. घरी सोडलं तरी ती चुकवू नका.