कासवाचे व्याकरण : मुलांनी रचलेल्या संगणकीय खेळांचा इतिहास

एप्रिल उजाडला की आपल्या शहरांत उन्हाळी शिबिरांच्या जाहिरातींचे पीक येते. चित्रकला, पोहणे, नाट्यवाचन, संस्कृत संभाषण या जुन्या यादीत आता 'खेळ बनवा, कोडिंग शिका' हे कलमही दाखल झाले आहे. साहित्याचे अध्यापक अशा जाहिरातीकडे सहसा वळून पाहत नाहीत. हा प्रांत विज्ञानशाखेचा, असे आपण गृहीत धरलेले असते. तथापि या उपक्रमाचा इतिहास तपासू लागले असता त्याची मुळे गणिताइतकीच भाषेतही रुजलेली आढळतात. त्यातला मध्यवर्ती वाद तर थेट आपल्या विषयाचा आहे. मुलाने यंत्राचा केवळ वाचक व्हावे की लेखकही, असा तो वाद आहे.

१९६७ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे वॉली फ्युर्झाइग, सिंथिया सॉलोमन व सेमूर पॅपर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा सिद्ध केली. हे नाव 'शब्द' या अर्थाच्या ग्रीक संज्ञेवरून घेतलेले आहे आणि ते साभिप्राय आहे. तत्कालीन बहुतेक संगणकभाषा आकडेमोडीसाठी घडवलेल्या होत्या. लोगोत मात्र शब्द आणि वाक्य यांना संख्येच्या बरोबरीचे स्थान होते. आज्ञेनुसार चालत रेषा काढणारे सुप्रसिद्ध कासव त्यानंतर आले. पॅपर्ट यांनी जिनिव्हात जाँ पियाजे यांच्यासमवेत काही वर्षे काम केले होते. मूल ज्ञान स्वीकारत नाही, ते ज्ञान रचते, हे पियाजे यांचे प्रतिपादन. इतरांना दाखवता येईल अशी एखादी वस्तू हातून घडत असताना ही रचना सर्वाधिक जोमाने होते, ही पॅपर्ट यांची त्यातील भर.

त्यांच्या 'माइंडस्टॉर्म्स' (१९८०) या ग्रंथात जेनी नावाच्या मुलीची हकीकत येते. यंत्राकडून कवितेसारख्या ओळी रचून घेण्याचा तिचा प्रयत्न होता. त्यासाठी शब्दांच्या याद्या कराव्या लागल्या आणि कोणता शब्द कोणत्या यादीत घालायचा हे ठरवावे लागले. शाळेत वर्षानुवर्षे निरर्थक वाटलेले नाम आणि क्रियापद हे भेद कशासाठी असतात, याचा उलगडा तिला तेथे झाला. व्याकरण शिकवताना ज्या प्रश्नापुढे आपण हतबल होतो, त्याचे उत्तर असे अनपेक्षित ठिकाणी मिळावे, ही गोष्ट आम्हाला विलक्षण वाटते.

दुसरा प्रवाह 'बेसिक' या भाषेचा. डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी १९६४ साली ती निर्माण केली, ती विज्ञानेतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. १९७३ मध्ये डेव्हिड आल यांनी या भाषेतील १०१ खेळांचा संग्रह प्रसिद्ध केला. १९७८ च्या सुधारित आवृत्तीनंतर त्याचा खप दहा लाखांपलीकडे गेला. त्या ग्रंथात होत्या केवळ छापील आज्ञा. खेळ हवा असेल तर मुलाने त्या ओळीमागून ओळ टंकित करायच्या. एखादे विरामचिन्ह चुकले की सारा खेळ अडायचा, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचन. हस्तलिखितांच्या नकला करणाऱ्या जुन्या लेखनिकांची येथे आठवण होते. त्यांच्याप्रमाणेच ही मुलेही नकलून थांबली नाहीत. शत्रूची संख्या वाढव, पात्राचे नाव बदल, शेवट फिरव, असे पाठभेद त्यांनी निर्माण केले. अनुकरणातून स्वतंत्र लेखनाकडे जाण्याची ही वाट साहित्याच्या इतिहासाला अपरिचित नाही.

शिबिरे अवतरली ती या दोन प्रवाहांच्या संगमावर. १९७७ साली कनेटिकट राज्यात मायकेल झबिन्स्की या प्राध्यापकांनी मुलांसाठी निवासी संगणक शिबिरे सुरू केली. १९८२ च्या उन्हाळ्यात व्हिडिओ गेमच्या व्यवसायातील अग्रगण्य अटारी कंपनीही या क्षेत्रात उतरली. यंत्र विकणाराच यंत्राचे शिक्षण देऊ लागला, ही घटना आम्हाला महत्त्वाची वाटते. शिबिरात आलेले मूल एकाच वेळी विद्यार्थी होते आणि भावी ग्राहकही. पुढे १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, १९८४ मध्ये कंपनीच्या घरगुती यंत्रांचा विभाग विकला गेला, आणि तिची शिबिरेही मालवली. बाजाराच्या भरतीवर तरंगणारे शिक्षण ओहोटीबरोबर निघून जाते, हा या प्रकरणाचा धडा होय.

दुसरा धडा अधिक बोचरा आहे. रॉबर्ट हेस व आयरीन मिउरा यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, अशा शिबिरांत व वर्गांत मुलींच्या सुमारे तिप्पट मुलगे आढळले. शुल्क जितके अधिक आणि अभ्यासक्रम जितका वरचा, तितकी ही दरी रुंद. म्हणजे पालक मुलासाठी जी रक्कम सहज मोजत होते, ती मुलीसाठी मोजताना त्यांचा हात आखडत होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर पोहोचले होते; त्यानंतर ते घसरत गेले. या घसरणीचे खापर एकट्या शिबिरांवर फोडणे अन्यायाचे ठरेल. परंतु संगणक हे मुलग्यांचे खेळणे, ही समजूत दृढ करणाऱ्या गोष्टींत त्यांचाही वाटा होता, हे नाकारता येत नाही.

या पार्श्वभूमीवर यास्मिन कफाई यांचा 'माइंड्स इन प्ले' (१९९५) हा ग्रंथ वाचावा. बॉस्टनमधील एका सार्वजनिक शाळेत चौथीच्या १६ मुलांनी, आपल्याहून लहान मुलांना अपूर्णांक शिकवणारे खेळ लोगोतून कित्येक महिने रचले. मुलग्यांचा कल अद्भुत प्रदेश आणि सुष्ट-दुष्टांच्या लढाया यांकडे होता. मुलींनी बहुधा परिचित स्थळे निवडली. कथनविचाराच्या अभ्यासकाला येथे बरेच साहित्य सापडेल. आमच्या दृष्टीने महत्त्व आहे ते दोन गोष्टींना. हा उपक्रम शाळेच्या वेळात, अख्ख्या वर्गासाठी होता. त्यामुळे कोण येणार हे पालकांच्या खिशाने ठरवले नाही. आणि प्रत्येक खेळाला ठरलेला वाचक होता. आपण लिहिलेले कुणाला तरी समजले पाहिजे, ही जबाबदारी लेखकाला घडवते, मग तो दहा वर्षांचा का असेना.

पॅपर्ट यांनी ब्राझीलमधील सांबा नृत्यशाळांचा आदर्श याआधीच पुढे ठेवला होता. तेथे नवशिके आणि निष्णात, मुले आणि वडीलधारी एकत्र नाचतात आणि शिकतात. आपल्या गावोगावच्या भजनी मंडळात याहून वेगळे काय घडते? १९९३ साली बॉस्टनच्या संगणक संग्रहालयात मिचेल रेस्निक व सहकाऱ्यांनी, विशेषतः वंचित वस्त्यांतील मुलांसाठी, विनामूल्य 'कम्प्युटर क्लबहाउस' उघडले, ते याच विचारपरंपरेत. त्याच परंपरेतून २००७ मध्ये 'स्क्रॅच' आले. ठोकळे जोडून खेळ रचायचा, तो इतरांपुढे ठेवायचा, दुसऱ्याचा खेळ उघडून त्यात बदल करायचा, अशी त्याची रीत. सत्तरच्या दशकातील पाठभेदांना येथे अधिकृत मान्यता मिळाली.

भारतात १९८४ साली 'क्लास' या सरकारी प्रकल्पाद्वारे निवडक शाळांत बीबीसी मायक्रो यंत्रे पोहोचली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व टप्प्यावर कोडिंगचा समावेश सुचवला. त्याच वर्षी मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या एका कंपनीच्या अतिरंजित जाहिराती वादग्रस्त ठरून मागे घ्याव्या लागल्या. एकाच वर्षातील या दोन घटनांत चार दशकांपूर्वीचा अमेरिकी तिढा पुन्हा दिसतो : शाळेचा हक्क की बाजाराचा माल?

आता यंत्रेच आज्ञावली लिहू लागली असताना मुलांनी हे शिकावेच कशाला, असाही प्रश्न विचारला जातो. आमचे उत्तर इतकेच, की निबंध आयता मिळतो म्हणून आपण लिहिणे शिकवायचे थांबवत नाही. जेनीला नामाचे प्रयोजन कळले ते ओळी तयार झाल्यामुळे नव्हे, त्या रचताना अडल्यामुळे. म्हणून पुढल्या उन्हाळ्यात एखाद्या शिबिराची पत्रिका हाती आली, तर प्रमाणपत्राविषयी चौकशी करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. मूल स्वतः काय रचणार आहे, ते कोण खेळणार आहे, आणि शुल्क न परवडणाऱ्या घरातली मुलगी तेथे येऊ शकेल काय?