नाण्याची पारख

आपल्या मराठी भाषेत टांकसाळीचे आणि सराफकट्ट्याचे शब्द किती खोलवर रुजले आहेत, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. चोख उत्तराला आपण ‘खणखणीत’ म्हणतो, नवखा माणूस ‘वाजवून’ घेतो आणि वर्तन बिघडले की नावाला ‘बट्टा’ लागला असे म्हणतो. बट्टा म्हणजे मुळात झिजलेले किंवा परमुलखातले नाणे घेताना सराफ जी रक्कम कापून घेई ती. एकेकाळी आपल्या बाजारांत नाना टांकसाळींचे रुपये एकत्र फिरत असत. त्या काळी नाण्याची पारख हा हौसेचा विषय नव्हता. तो रोजच्या भाकरीचा प्रश्न होता.

१८३५ साली कंपनी सरकारने एकसारखा रुपया काढला आणि ही पारख हळूहळू लोपली. आज आपण नाणे मोजून घेतो, पारखून घेत नाही. म्हणूनच घरच्या जुन्या पेटीत एखादे नाणे सापडले की पहिला प्रश्न निघतो तो ‘याचे किती येतील?’ हा. या प्रश्नाला आम्ही हीन लेखत नाही. परंतु त्याआधी दोन प्रश्न विचारले पाहिजेत: हे नाणे कोणाचे आहे आणि ते कोणत्या स्थितीत आहे?

आपल्या परिचयाची शिवराईच घेऊ. १६७४ साली राज्याभिषेक झाल्यावर शिवछत्रपतींनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका अंगास ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’, आणि भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. फारसी अक्षरांच्या त्या काळात नागरी लिपीतील हे नाणे म्हणजे स्वराज्याचा बोलता पुरावाच होय. मात्र येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. हीच अक्षरे असलेली शिवराई महाराजांच्या पश्चात सुमारे दीडशे वर्षे, पेशवाईत आणि १८१८ नंतर इंग्रजी अमलातही पाडली जात होती. दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’ शिवराई तर निश्चितच उत्तरकाळातली. तेव्हा नाव महाराजांचे, म्हणून नाणे त्यांच्या कारकिर्दीतले, असा निष्कर्ष काढता येत नाही. अक्षरांचे वळण, ठिपक्यांची रचना आणि वजन पाहूनच जाणकार आपले मत देतात.

आता स्थितीविषयी. जुने नाणे हाताने पाडलेले असे. ठसा मोठा आणि धातूची चकती लहान, त्यामुळे मजकुराचा काही भाग नाण्याबाहेरच राही. ‘श्री’ दिसत नाही म्हणून ते झिजले, असे म्हणता येत नाही. ती अक्षरे त्या चकतीवर कधी उमटलीच नसतील. ठसा मुळात हलका बसला, की नाणे वापरून झिजले, की जमिनीतील क्षारांनी खाल्ले, या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. वापराने झिजलेल्या नाण्याचा उंच भाग आधी गुळगुळीत होतो. खाल्लेल्या नाण्याला सर्वांगी बारीक खड्डे पडतात. नकली नाणे पुष्कळदा साच्यात ओतलेले असते. त्याची अक्षरे मऊ, पृष्ठावर हवेच्या बुडबुड्यांच्या खुणा, कडेवर सांध्याची रेघ आणि वजनात तफावत आढळते. भिंग आणि तराजू, एवढी दोन साधने येथे पुरेशी उपयोगी पडतात. जुने सराफ नाणे फरशीवर वाजवीत, परंतु आपण तसे करू नये. शतकानुशतके जमिनीत राहिलेली चांदी ठिसूळ होते आणि नाणे दुभंगू शकते.

नाण्याचा सर्वांत मोठा शत्रू मात्र नकलाकार नव्हे, तर आपली स्वच्छतेची आवड. एका परिचित घरी देव्हाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या पूजिलेली शिवराई आम्हांस दाखविण्यात आली. दर दसऱ्याला चिंच आणि राख लावून ती घासली जात असे. तबकात ती सोन्यासारखी झळकत होती. परंतु अक्षर म्हणून एकही शिल्लक नव्हते. घरच्या वृद्ध बाईंनी विचारले, “हे महाराजांचेच ना?” आम्हांला उत्तर देता आले नाही. ज्या भक्तीने ते नाणे जपले, त्याच भक्तीने त्याची वाचा नेली होती. तांब्यावर कालांतराने जो गर्द थर चढतो तो मळ नसून त्या धातूचे कवच असते. ते काढले की नाणे उजळते, आणि बाजारातही त्याचे मोल घसरते.

किंमतीविषयी आणखी एक भ्रम आहे, तो वयाचा. क्षत्रप नहपानाचे चांदीचे नाणे सुमारे एकोणीसशे वर्षांचे, तर शिवछत्रपतींचा होन साडेतीनशे वर्षांचा. तरीही होन कितीतरी अधिक मोलाचा, कारण तो अत्यंत दुर्मिळ आहे. जुने तेवढे महाग, या समजुतीवरच लबाडांचे फावते. जुन्या नाण्यांना लाखो रुपये देण्याच्या खोट्या जाहिरातींत आपले नाव वापरले जात असल्याचे पाहून २०२१ साली रिझर्व्ह बँकेलाही लोकांना सावध करावे लागले.

हे नहपानाचे नाणे विपुल कसे झाले, ती हकीकत आपल्या नाशिककडचीच आहे. १९०६ साली जोगळटेंभी येथे त्याच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. राजाच्या मुखवट्यावरच सातवाहनांची डोंगराची खूण बसलेली! निव्वळ सौंदर्य पाहणारा संग्राहक अशा नाण्याला बिघडलेले म्हणेल. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीच्या लेखात, आपल्या पुत्राने क्षहरात कुळ निर्मूल केले असे कोरले आहे. आईने केलेली पुत्राची स्तुती म्हणून कोणी ती बाजूस सारू शकला असता. त्या ‘बिघडलेल्या’ नाण्यांनी ती खरी ठरविली. पराभूत राजाचे धन जेत्याच्या हाती पडले, एवढेच नव्हे, तर दोघांच्या काळांची सांगडही त्यांनी घालून दिली.

आणि ही साक्ष मिळाली ती साठा एकत्र हाती आला म्हणून. तो सापडताच वाटून घेतला असता, किंवा मुशीत गेला असता, तर आपल्या हाती फार तर काही तोळे चांदी उरली असती. जमिनीत सापडलेले दहा रुपयांवरील मोलाचे धन जिल्हाधिकाऱ्यास कळवावे, असे १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो. लोक त्याला भितात. परंतु नाणे कोठे आणि कोणासोबत सापडले, ही माहिती एकदा हरवली की कोणताही पंडित ती परत आणू शकत नाही.

तेव्हा, श्रोतेहो, घरी जाऊन जुनी पेटी उघडाल तेव्हा एवढेच करावे. नाणे घासू नये. कडेला धरून पाहावे, वजन करावे, कोरड्या कागदात ठेवावे, आणि ते घरात कोठून, कोणाकडून आले हे वडीलधाऱ्यांना विचारून त्या कागदावर लिहावे. मग जाणकारास दाखवावे. किंमत त्यानंतरही विचारता येईल. पेटीतले नाणे आणखी शंभर वर्षे थांबेल; त्याची हकीकत सांगणारी माणसे मात्र तितका काळ थांबणार नाहीत.