घरंगळत्या गोळ्याची फळी

सात मीटर उंचीवरून गोळा सोडला तर सव्वा सेकंदात खेळ खलास. तेवढ्यात तो कुठे किती वेगात होता, हे कोण टिपणार? १६००च्या सुमारास पादुआत शिकवणाऱ्या गॅलिलिओकडे तर सेकंद मोजणारं घड्याळही नव्हतं. लंबकाचं घड्याळ यायला अजून अर्धं शतक होतं. त्याने मग पडणंच सावकाश करून घेतलं. गोळा कलत्या फळीवरून घरंगळत सोडला.

१६३८ साली लायडनला छापलेल्या त्याच्या ग्रंथातलं या फळीचं वर्णन सुताराच्या हाती द्यावं इतकं नेमकं आहे. लांबी बारा हात, जाडी तीन बोटं, कडेला बोटाहून जरा रुंद अशी सरळ, गुळगुळीत खाच, खाचेला चर्मपत्राचं अस्तर. गोळा काशाचा. फळीचं टोक हातभर उचललं की तो खाली यायला पाचेक सेकंद घेतो. वेळ मोजायला पाण्याचं मोठं भांडं आणि त्याला बारीक नळी. गोळा सुटला की धार पेल्यात धरायची, पोचला की थांबवायची आणि पेल्यातलं पाणी तराजूत तोलायचं. वेळ वजनावर! फळीचा पहिला पाव भाग उतरायला निम्मा वेळ लागतो, म्हणजे दुप्पट वेळात चौपट अंतर. शंभरदा करून पाहिलं, असं तो लिहितो.

विसाव्या शतकात विज्ञानाचे इतिहासकार आलेक्सांद्र कोयरे यांनी या पाण्याच्या मोजमापाची टरच उडवली. १९६१ मध्ये थॉमस सेटल यांनी तशीच फळी करून पाहिली, आणि आकडे जुळले. पुढे गॅलिलिओचे अभ्यासक स्टिलमन ड्रेक यांना त्याच्या कागदांत एक पान सापडलं, त्यावर एकपट, दुप्पट, तिप्पट अशा वेळांत गोळ्याने कापलेली अंतरं: ३३, १३०, २९८, ५२६... शेवटी २१०४. तेहतीसची चौपट १३२, नऊपट २९७. दोन-एक अंकांची ही चूकभूलच मला जास्त विश्वासाची वाटते. मनाने रचलेले आकडे इतके तंतोतंत चुकत नाहीत.

ड्रेक यांचा तर्क असा की इथे पाणी नव्हतंच, कान होता. गॅलिलिओचे वडील ल्यूट वाजवत. त्या वाद्याच्या दांडीवर तातीचे पडदे बांधतात. तशाच ताती फळीवर बांधून, त्यांवरून जाताना गोळ्याचा खटका ठेक्यात पडेपर्यंत त्या पुढेमागे सरकवायच्या. फ्लोरेन्सच्या संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातली अशी एक फळी आहे, तिच्यावर ताती नाहीत, घंटा आहेत. त्यांच्यातली अंतरं वाढत जातात, एक, तीन, पाच, सात अशी, आणि टोले मात्र सारख्या वेळाने पडतात.