वऱ्हाडात समुद्र होता का?

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. त्याचे क्षेत्र सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर असून त्यात ९०० च्या आसपास गावे येतात. इथल्या विहिरींचे पाणी पिण्यालाही चालत नाही आणि पिकालाही. एकोणिसाव्या शतकात दहीहांडा परिसरात अशा विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले जात असे. त्यामुळे ‘इथे पूर्वी समुद्र होता’ हे वाक्य वऱ्हाडात सहज ऐकू येते, वर्गातही. ते तपासायचे कसे?

समुद्राचा भरवशाचा साक्षीदार मीठ नव्हे. मीठ पाण्यात विरघळते, वाहते, दुसरीकडे साठते. शंखशिंपले मात्र थरात गाडले जातात आणि तिथेच दगड होऊन राहतात. प्रवाळ, सागरी अर्चिन, अमोनाइट हे अपृष्ठवंशीय प्राणी गोड्या पाण्यात कधीच राहिले नाहीत. त्यांचा एक जीवाश्मसुद्धा पुरेसा बोलका ठरतो.

टाकळीची गोगलगाय

हा शोध पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. दख्खनच्या काळ्या पत्थराच्या पूर्व भागातील जीवाश्मांविषयी माल्कमसन यांचा निबंध १८४० साली प्रसिद्ध झाला. त्यातील एका शंखाला सॉवर्बी या शंखतज्ज्ञाने ‘फायझा प्रिन्सेपाय’ हे नाव दिले. पुढे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांना नागपूरजवळ टाकळी येथे हाच शंख मिळाला. लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मध्ये सापडणाऱ्या या गाळाच्या थरांना आज आपण आंतरट्रॅपी थर म्हणतो. एक उद्रेक थांबून दुसरा होईपर्यंतच्या काळात तिथे तळी साचत आणि त्यांत जीवसृष्टी नांदत असे. हा काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा.

हिस्लॉप यांनी १८६० साली या शंखांचे सविस्तर वर्णन केले. त्यात नागपूरकडील गोड्या पाण्यातले शंख होते, तसे गोदावरीच्या मुखाकडील राजमहेंद्रीचेही होते. राजमहेंद्रीच्या शंखांत मात्र टरिटेलासारख्या खाऱ्या पाण्यातल्या जाती होत्या. म्हणजे त्याच लाव्हाच्या थरांमध्ये पूर्वेला समुद्रकिनारा होता आणि नागपूरकडे गोड्या पाण्याची तळी. १८६३ साली टाकळघाटजवळची शिळावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप ओढ्यात बुडून मरण पावले.

समुद्र जवळ येऊन गेला

पश्चिमेकडे चित्र वेगळे होते. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, नर्मदेच्या खोऱ्यात, बाघ येथील थरांत कालवे, सागरी अर्चिन आणि अमोनाइट सापडतात. प्रमथनाथ बोस यांनी खालच्या नर्मदा खोऱ्याचे वर्णन १८८४ साली प्रसिद्ध केले. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्र या खोऱ्यातून आत शिरला होता, यात शंका नाही.

वऱ्हाडाचा बहुतेक भाग नंतरच्या लाव्हाखाली झाकला गेला. मोर्शी तालुक्यातील सालबर्डी ही त्यातली एक खिडक. तिथे लाव्हाखालचे लमेटा थर उघडे पडले आहेत. त्यांत डायनोसॉरची हाडे आणि अंडी मिळाली आहेत. अर्थात लाव्हा येण्याच्या सुमारास इथे जमीन होती.

२००९ साली मात्र या कथेला नवे वळण मिळाले. छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथील आंतरट्रॅपी थरांत गेर्टा केलर व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांना फोरॅमिनीफेरा या सूक्ष्म, एकपेशीय सागरी जीवांची कवचे सापडल्याचे प्रसिद्ध झाले. म्हणजे त्या काळी समुद्राचा एखादा फाटा मध्य भारतापर्यंत आला असावा. तो नर्मदा-तापीच्या खोलगटीतून आला की गोदावरीकडून, हा चर्चेचा विषय आहे.

मग मीठ कुठले?

इथे दोन प्रश्नांची गल्लत होते. झिलमिलीचा समुद्र सहा कोटी वर्षांहून जुना. पूर्णेचा गाळ लाव्हा थंड झाल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी, खचलेल्या खोऱ्यात साचला. काही ठिकाणी तो तीनशे मीटरहून जाड आहे. त्यात सस्तन प्राण्यांची हाडे मिळतात, सागरी शंख नाहीत. शिवाय अकोला आज समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंच आहे.

मिठाचे कारण जवळचेच आहे. खडक झिजताना क्षार मोकळे होतात. चिकण गाळातून पाण्याचा निचरा होत नाही, उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मागे उरतात. हजारो वर्षे हेच चालले. हा फरक केवळ पुस्तकी नाही. खारेपणाला प्राचीन समुद्र जबाबदार धरला की हात टेकावे लागतात. निचरा आणि बाष्पीभवन जबाबदार असतील तर शेततळे, चर आणि बेताचे पाणी यांचा विचार करता येतो.

फाल्गुनातली सहल

फाल्गुन-चैत्रात नाल्यांचे पाणी आटते, गवत वाळते आणि काठांचे थर स्वच्छ दिसतात. उन्हे चढण्यापूर्वी विद्यार्थ्यांना न्यावे. काळ्या पत्थराच्या दोन थरांमध्ये फिकट, चकमकीसारखा कठीण दगड दिसला तर तिथे थांबावे. बेसॉल्टमधल्या गोल गारगोट्या शंखांसारख्या भासतात, पण त्यांत वेटोळे नसते. मातीतले चुनखडीचे खडे आणि ताजे शंख वेगळे काढावेत. जागा, थर व दिनांक वहीत नोंदवावा.

शंख मिळालाच तर टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरावा. तोंड डाव्या बाजूला असेल तर तो बहुधा फायझा, म्हणजे तळ्याचा रहिवासी. बहुतेक सागरी गोगलगाईंचे तोंड उजवीकडे असते. नुसते उजवे तोंड म्हणजे समुद्र नव्हे, कारण गोड्या पाण्यातही उजव्या जाती पुष्कळ. पण एखादे प्रवाळ किंवा अर्चिन हाती आले, तर त्या थराला हात न लावता जवळच्या महाविद्यालयातील भूविज्ञान विभागाला कळवावे.