चॉकलेटच्या पैजेतून आलेली पेनल्टी

पेनल्टी किक ही मुळात एका गोलरक्षकाची कल्पना. आयर्लंडमधल्या आर्मा परगण्यात मिलफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या लिननच्या गिरणीमालकाचा मुलगा विल्यम मॅक्रम गावच्या संघात गोलमध्ये उभा राहायचा. गोल होणार असं दिसलं की बचावपटू समोरच्याला सरळ आडवा करतात, हे तो रोज अगदी जवळून बघत होता. अशा वेळी गुन्हा करणाऱ्या संघाला भुर्दंड बसावा, मध्ये कुणी न येता एक खेळाडू आणि एक गोलरक्षक यांचा सामना व्हावा, हा त्याचा प्रस्ताव 1890 मध्ये आयरिश संघटनेने पुढे ठेवला. इंग्लंडमधल्या खानदानी हौशी खेळाडूंना तो भलताच झोंबला. सभ्य माणूस मुद्दाम पाडापाडी करेल हे नियमानेच गृहीत धरायचं, म्हणजे काय! तरीही 2 जून 1891 रोजी नियम मंजूर झाला.

टायब्रेकरची पेनल्टी यायला पुढे जवळपास 80 वर्षं लागली. तोवर बरोबरीत सुटलेल्या बाद फेरीच्या सामन्याचा निकाल कधी नाणेफेकीने, कधी चिठ्ठ्या टाकून लागत असे. 1968 च्या युरो स्पर्धेत इटली अंतिम फेरीत गेली ती नाणं उडवून. त्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये इस्रायलचा संघ चिठ्ठीत हरला. त्या चिठ्ठीने व्यथित झालेल्या योसेफ डॅगन यांनी पेनल्टीचा पर्याय मांडला आणि 1970 मध्ये तो नियमांत आला. मॅक्रम आणि डॅगन या दोघांनी रंगमंच बांधून ठेवला होता. पात्र अजून प्रागमध्ये सराव करत होतं.

अँटोनिन पानेंकाचा जन्म 2 डिसेंबर 1948 चा, प्रागचाच. व्रशोवित्से या उपनगरातल्या बोहेमियन्स क्लबकडून तो खेळायचा. क्लब मोठा नव्हता. पानेंका झुपकेदार मिशांचा, फारसा न धावणारा, पण पासची नजर आणि फ्री किक यांत वाकबगार असा मिडफिल्डर होता. सराव संपून बाकीचे घरी गेले की तो आणि क्लबचा गोलरक्षक झ्देनेक ह्रुश्का मागे थांबत आणि पेनल्टीची पैज लावत. पैजेवर काय? एखादं चॉकलेट, नाहीतर बिअर. ह्रुश्का चांगला गोलरक्षक होता आणि पानेंका बऱ्याचदा हरायचा. खिसा हलका होत होता. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तो विचार करू लागला की या माणसाला कसं चुकवायचं.

मला या सगळ्या कुळकथेत सर्वांत मोलाची वाटते ती ही रात्र. पुढे बेलग्रेडमध्ये जे जगाने पाहिलं, ते इथे अंथरुणात आधी घडून गेलं होतं. त्याच्या लक्षात आलं की गोलरक्षक शेवटच्या क्षणापर्यंत थांबतो आणि मग अंदाजाने एका बाजूला झेप घेतो. मधोमध तो क्वचितच उभा राहतो. मग चेंडू मध्येच मारायचा, तोही जोराने मारायचा नाही. जोरात मारला तर झेपावतानाही त्याचा पाय लागू शकतो. हळू, वरून तरंगत गेला, तर एकदा जमीन सोडलेल्या माणसाला हवेतून परत फिरता येत नाही.

त्याने हे ह्रुश्कावर करून पाहिलं आणि पैजा जिंकायला लागला. इतकी चॉकलेटं आणि बिअर मिळाली की वजन वाढलं, असं तो पुढे हसत सांगायचा. पण लगेच मोठ्या सामन्यात जाऊन त्याने हा प्रयोग केला नाही. आधी सराव, मग मैत्रीपूर्ण सामने, मग लीग, अशी त्याने जवळजवळ दोन वर्षं ही किक पारखून घेतली. चेकोस्लोव्हाकियात ती ठाऊक झाली होती. चेक फुटबॉलमध्ये तिला आजही व्रशोवित्सेच्या नावानेच ओळखतात. पश्चिम युरोपला मात्र तिचा पत्ता नव्हता. लोखंडी पडद्यापलीकडची लीग कोण बघणार?

1976 ची युरो स्पर्धा युगोस्लाव्हियात झाली. अंतिम टप्प्यात फक्त चार संघ होते. प्रशिक्षक वाक्लाव येझेक यांच्या चेकोस्लोव्हाकियाने उपांत्य फेरीत क्रायफच्या नेदरलँड्सला जादा वेळेत 3-1 असं हरवलं, हाच मोठा धक्का होता. 20 जूनला बेलग्रेडमध्ये समोर पश्चिम जर्मनी: युरोपचे आणि जगाचेही विजेते, गोलमध्ये सेप मायर, आणि कर्णधार बेकेनबाउअरचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. चेकोस्लोव्हाकियाच्या श्वेहलिक आणि डोबियाश यांनी 25 मिनिटांत 2-0 केलं. डिटर म्युलरने लगेच एक फेडला. आणि विजय हाताशी आला असताना, 89 व्या मिनिटाला होल्झेनबाइनने बरोबरी साधली. जादा वेळेत काहीच झालं नाही.

मूळ ठरल्याप्रमाणे बरोबरी झाली तर दोन दिवसांनी सामना पुन्हा खेळायचा होता. ऐन वेळी, जर्मनांच्या आग्रहावरून, त्याऐवजी पेनल्टी घ्यायचं ठरलं. युरोच्या अंतिम सामन्याचा निकाल असा लागण्याची ती पहिली वेळ. दोन्ही संघांच्या पहिल्या तीन-तीन पेनल्टी आत गेल्या, चेकोस्लोव्हाकियाची चौथीही गेली. मग जर्मनीच्या उली हेनेसने चेंडू बारवरून थेट आकाशात धाडला. 4-3. पाचवा होता पानेंका. त्याने गोल केला की चषक त्यांचा.

इथे आणखी एक गोलरक्षक कथेत येतो. त्याच्याच संघाचा इवो विक्टर, हॉटेलातला त्याचा खोलीसोबती. पानेंकाच्या मनात काय आहे हे त्याला माहीत होतं आणि त्याने बजावलं होतं की असला वेडेपणा करशील तर खोलीत घेणार नाही. पानेंकाचं आधीच ठरलं होतं. तो लांबून, भरधाव धावत आला. या किकचं सारं मर्म त्या धावण्यात आहे. हळू आला असता तर मायरला संशय आला असता. त्या वेगाने येणारा माणूस चेंडू फोडायलाच येतोय असं वाटावं, आणि अगदी शेवटच्या पावलाला त्याने बुटाचं टोक, भाकरीखाली उलथनं सारावं तसं, चेंडूखाली सारलं. मायर डावीकडे झेपावला होता. चेंडू आरामात त्याच्या जागेवरून आत उतरला. पानेंका दोन्ही हात वर करून आधीच धावत सुटला होता. 5-3.

ही किक म्हणजे गोलरक्षकाची टिंगल, असं अनेकांना तेव्हा वाटलं, आजही वाटतं. पानेंकाने हे कायम नाकारलं आहे. गोल करण्याचा तोच त्याला सर्वांत सोपा मार्ग वाटला, एवढंच त्याचं म्हणणं. मला ते पटतं. दोन वर्षं रोज संध्याकाळी ज्याने तालीम केली, त्याने टिंगलीसाठी एवढा घाम गाळला नसता. शिवाय चुकला असता तर काय झालं असतं? कम्युनिस्ट राजवटीत त्याचा अर्थ व्यवस्थेची खिल्ली असा लावला गेला असता आणि आपल्याला शिक्षा झाली असती, असं त्याने पुढे मुलाखतींत सांगितलं आहे.

त्याने अंथरुणात ओळखलेली गोष्ट विद्येच्या दारात पोहोचायला 30 वर्षं गेली. इस्रायलमधल्या संशोधकांनी मोठ्या स्पर्धांतल्या 286 पेनल्टींचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध केला. जवळपास 29 टक्के चेंडू मधल्या भागात मारले गेले होते, पण गोलरक्षक मध्ये थांबले होते फक्त 6 टक्क्यांच्या आसपास. चेंडू 11 मीटरवरून सुमारे अर्ध्या सेकंदात येतो, म्हणून अंदाज बांधावा लागतो हे खरं. पण दुसरं कारण मला जास्त माणसाचं वाटतं: झेप घेऊन गोल खाल्ला तर प्रयत्न केला म्हणतात, उभं राहून खाल्ला तर नुसता बघत राहिला म्हणतात. पानेंकाने नेमकी ही लाज हेरली होती.

पुढची वंशावळ मोठी आहे. 2000 च्या युरो उपांत्य सामन्यात यजमान नेदरलँड्सविरुद्ध, अॅमस्टरडॅममध्ये, फ्रान्चेस्को तोत्तीने व्हॅन डर सारला असंच चकवलं. इटलीत या किकला चमचा म्हणतात. 9 जुलै 2006 ला बर्लिनमध्ये, विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या सातव्या मिनिटाला, झिदानने बुफॉनसमोर ती मारली. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे पावणेबारा होत आले होते. चेंडू आडव्या बारला खालून लागून रेषेच्या आत पडला आणि बाहेर आला, तेव्हा गोल आहे की नाही हे टीव्हीसमोर बसलेल्यांना कळेना. 2010 मध्ये उरुग्वेच्या अब्रेऊने घानाचं स्वप्न याच किकने संपवलं. 2012 च्या युरोत तर चार दिवसांत दोनदा ती दिसली, आधी पिर्लो, मग सर्जिओ रामोस. 2022 मध्ये मोरोक्कोच्या हकिमीने स्पेनला तिनेच घरी पाठवलं.

आणि चुकलेले? 1992 मध्ये वेम्बलीवर ब्राझीलविरुद्ध गॅरी लिनेकर पेनल्टीला उभा राहिला, तेव्हा बॉबी चार्ल्टनच्या 49 गोलांच्या इंग्लिश विक्रमाशी बरोबरी करायला त्याला एक गोल हवा होता. त्याने हलकेच उचलायला पाहिलं आणि चेंडू गोलरक्षकाच्या हातात अलगद गेला. लिनेकरची आंतरराष्ट्रीय कारकीर्द 48 गोलांवरच थांबली. अशा फसलेल्या किका मी पाहतो तेव्हा मला दिसतं ते हे, की पाऊल पानेंकाचं घेतलं, पण ती धाव आणि त्या सगळ्या संध्याकाळी घेतल्या नाहीत. गोलरक्षकही आता शहाणे झालेत. त्यांना ही शक्यता ठाऊक असते आणि काही जण मुद्दाम जागेवर थांबतात.

पानेंकाला या एका किकचा अभिमान आहे आणि थोडं दुःखही आहे, कारण तिने त्याचे सगळे पास आणि फ्री किक झाकून टाकले. दुःख रास्त आहे. 1980 मध्ये तो देशाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला आणि त्या युरोत चेकोस्लोव्हाकिया तिसरी आली. 1981 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी त्याला व्हिएन्नाच्या रॅपिड क्लबकडे जाता आलं. तिथे त्याने दोनदा लीग जिंकली. 1982 च्या विश्वचषकात चेकोस्लोव्हाकियाने एकूण दोन गोल केले, ते दोन्ही त्याचे, दोन्ही पेनल्टीवर. नंतर तो व्रशोवित्सेला परतला आणि ज्या क्लबच्या मैदानावर तो चॉकलेटं हरत होता, त्याच बोहेमियन्सचा अध्यक्ष झाला.