पेटी अमरावतीहून यायची

आमचे मोठेबाबा टॉकीजमध्ये नोकरीला होते असं सांगितलं, की लोकांना वाटे हा माणूस रोज फुकट पिक्चर पाहत असेल. खरं म्हणजे त्यांचा अर्धा जन्म पांढुर्ण्याच्या स्टेशनावर, पार्सल ऑफिससमोर गेला. हातात बिल्टी, खांद्यावर दुपट्टा आणि तोंडात एकच प्रश्न, "पेटी उतरली का बाप्पा?"

पेटी म्हणजे पिक्चरची पेटी. पत्र्याची, कडीकुलपाची. आत गोल डबे, डब्यांत रिळं. हजार फुटांचं एक रीळ पडद्यावर अकरा मिनिटं चाले, म्हणजे तीन तासांच्या पिक्चरला सोळा-सतरा रिळं. पेटी अमरावती-बडनेऱ्याहून नागपूर आणि नागपूरहून इटारसीकडच्या पॅसेंजरने आमच्याकडे यायची. गाडी चुकली की संध्याकाळचा खेळ गेला. मग मोठेबाबा टॉकीजच्या दारात उभे राहून लोकांना म्हणत, "उद्या या जी, आज मशीन बिघडली." मशीन बिचारी धडधाकट असायची.

प्रिंटा मोजक्याच निघत. आधी मुंबई, मग नागपूर-अमरावती, आणि तिथून दमूनभागून आमच्याकडे. तोवर रिळांवर इतके ओरखडे पडलेले असत, की पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस लागायचा. "पिक्चरमधल्या लोकायले छत्री काहून नाही देत?" असं आजीने एकदा भर खेळात विचारलं होतं म्हणतात. घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली, की खरी किती आणि मीठमसाला किती, हे आता आजीलाच विचारावं लागेल.

थोडं नकाशाचं बोलतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली. त्याआधी आमची राजधानी नागपूर. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्यासोबत पांढुर्णा-सौंसर मध्यप्रदेशात राहिलं. राजधानी झाली भोपाळ. शाळेत हिंदी आली, कचेरीत हिंदी आली, घरात मात्र मराठीच राहिली. आमचे आबाजी म्हणत, "सोयरीक काटोलले, कापूस नागपूरले, अन् अर्ज भोपाळले!"

पिक्चरच्या धंद्याला ही नवी हद्द कधी ठाऊकच झाली नाही. वितरकांनी देश इंग्रजांच्या काळात वाटून घेतला होता, तो तसाच राहिला. निजाम संस्थान संपलं, तरी धंद्यातला 'निजाम' इलाखा चालूच. मध्यप्रांत-वऱ्हाड गेला, तरी 'सीपी-बेरार' चालूच. त्यात विदर्भही आला आणि आम्हीही आलो. वितरकांची ऑफिसं अमरावती-भुसावळला. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन ही या धंद्याची मोठी संघटना, तिचं ठाणंही भुसावळलाच. भोपाळशी संबंध सरकारी कागदापुरता, पेटी मात्र वऱ्हाडातूनच यायची.

सौंसरला माझे मामा. तिथे छोटी गाडी होती, नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज. मामांच्या म्हणण्याप्रमाणे सौंसरची पेटी या गाडीने यायची, आणि गाडी इतकी सावकाश की पोट्टे उतरून बोरं तोडून पुन्हा चढत. म्हणून तिथे पेटी दरवेळी एक दिवस आधीच मागवत. ती गाडी २०१५ साली बंद झाली.

पेटीसोबत वितरकाचा माणूसही यायचा. त्याला 'रिप्रेझेंटेटिव्ह' म्हणत. आजी म्हणे 'पेटीचा जावई', कारण त्याचं जेवण आमच्याकडे आणि मान जावयाचा. पानगे, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. जेवताना हा माणूस गप्पांच्या ओघात विचारायचा, औंदा कापूस कसा आहे, संत्र्याचा बार किती धरला, व्यापारी आले का. पिक्चर मिनिमम गॅरंटीवर द्यायचा की टक्केवारीवर, हे त्या उत्तरांवर ठरे. कापूस विकून हातात पैसा आला, की नवा मोठा पिक्चर. आषाढात पेरणीनंतर खिसे रिकामे, तेव्हा जुना, पडेल भावाचा. रात्री तोच जावई इंटरवलमध्ये बॅटरी घेऊन हॉलमध्ये फिरे, डोकी मोजे आणि फाडलेल्या तिकिटांशी ताडून पाही. मोठेबाबांना हे लागे. "माझं खाऊन माझेच मुंडके मोजते," म्हणत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पानगे वाढत.

जाहिरात म्हणाल तर एक सायकलरिक्षा. दोन्ही बाजूंना पोस्टरं, वर भोंगा. पोस्टर हिंदी, ओरडणारा मराठी. बाजाराच्या दिवशी तो गुलाबी-पिवळे कागद उधळत जाई आणि आम्ही पोरं मागे धावायचो. ही विद्या जुनीच आहे. 'राजा हरिश्चंद्र' सुरतेला चालेना, तेव्हा दादासाहेब फाळक्यांनी जाहिरात केली, की तीन आण्यात सत्तावन्न हजार फोटो पाहा, दोन मैल लांबीचं चित्र पाहा! आमच्या रिक्षावाल्याने फाळक्यांचं नाव ऐकलं असेल-नसेल, पण "दहा गाने, पाच फाइटिंग!" हे त्याच घराण्यातलं.

१९७५ साली 'शोले' आला आणि 'जय संतोषी माँ' पण. मोठेबाबा शपथेवर सांगत, की रिक्षा फिरली ती 'शोले'साठी. 'संतोषी माँ'ची जाहिरात बायांनी विहिरीवर केली. खेड्यांतून बैलगाड्या आल्या, चपला दाराबाहेर निघाल्या, आरतीच्या वेळी पडद्यावर पैसे पडले. खेळ संपल्यावर डोअरकीपर वाकून वाकून पैसे वेचत होता. त्याने ते देवीलाच वाहिले, असं तो म्हणे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार. पांढुर्णा एका काठावर, सावरगाव दुसऱ्या, मध्ये पळसाचं झाड. दिवसभर एकमेकांना दगड मारलेले दोन्हीकडचे पोट्टे रात्री डोक्याला पट्ट्या बांधून एकाच बाकावर बसत. म्हणून पोळ्याला हाणामारीचा पिक्चर मागवायचा नाही, हा मोठेबाबांचा नियम. दादा कोंडके मिळाले तर उत्तम. हसता हसता पट्टी सुटली, तर ती बांधायला शेजारी सावरगावचाच हात असे.

आता पेटी नाही, बिल्टी नाही. पिक्चर आकाशातून उतरतो, मुंबईला आणि लहान गावाला एकाच शुक्रवारी. जाहिरात फोनवर येते, पण कापूस कसा आहे हे कोणी विचारत नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. सरकारी नकाशा पुन्हा बदलला. लोक कुठे बाजाराला जातात, कुठे मुली देतात, कुठल्या बोलीत हसतात, हे पेटीवाल्यांना मात्र आधीपासून ठाऊक होतं.

म्हणून मराठी पिक्चर काढणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. गावांची यादी करताना राज्याच्या हद्दीशी थांबू नका. आमची दोन नावंही तीत घाला. इथे मराठी समजते, आणि माणसं तिकीट काढून येतात.