छातीत दुखण्याच्या गोळ्या : रोजची वेगळी, जिभेखालची वेगळी

घाट चढताना, उसाची मोळी उचलताना छातीत दाटून येतं आणि जरा बसलं की थांबतं. या दुखण्याला डॉक्टर अंजायना म्हणतात. त्यावरच्या दोन गोळ्यांची गल्लत जिवावर बेतू शकते.

रॅनोलाझिन ही रोजची गोळी. कळ वारंवार येऊ नये म्हणून ती असते. आलेली कळ तिने थांबत नाही. ती अख्खी गिळा, कुटू किंवा चावू नका. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. लिव्हर सिरोसिस असेल तर ही गोळी चालत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकसोबतही घ्यायची नाही.

सॉर्बिट्रेट डॉक्टरांनी दिली असेल, तर कळ येताच खाली बसून जिभेखाली ठेवा. उभ्याने घेतल्यास चक्कर येते. सिल्डेनाफिल घेऊन २४ तास किंवा टाडालाफिल घेऊन ४८ तास झाले नसतील तर ती घेऊ नका, बीपी एकदम खाली जातं. ५ मिनिटांत आराम पडला नाही तर लगेच १०८ ला फोन करा.

साताऱ्याच्या सिव्हिलला जा, नाहीतर सांगली-मिरजेला. चालू गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत सोबत न्या. बरं वाटलं म्हणून गोळी मनाने बंद करू नका.